पायाखालचा खडा

तिसरा रांजण परत आला तेव्हा आबा घोटाभर चिखलात उभे होते. शाळेच्या शिपायानं तो हातगाडीवर घालून आणला होता. मास्तरांचा निरोप जसाच्या तसा सांगणं त्याच्या जिवावर आलं असावं, कारण तो आधी पाणी प्यायला, मग मानेवरचा घाम पुसला आणि मग म्हणाला, की रांजण तसा चांगलाच आहे, फक्त एका जागी रडतो.

आबांनी चिखलातून पाय न काढता मान वाकडी करून पाहिलं. रांजणाच्या पोटावर बोटाच्या पेराएवढा टवका उडाला होता आणि त्या खळगीच्या बुडाशी एक पांढरा ठिपका होता. मोहरीपेक्षा जरासा मोठा. चुनखडी. घरातल्या चौघांपैकी कुणालाच ते सांगायची गरज नव्हती, आणि शिपायाला सांगून उपयोग नव्हता.

चुनखडीचा खडा मोठा कपटी. आव्यात भाजताना गप्प बसतो. रांजण वाजवून बघावा तर खणखणीत वाजतो. गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन, पाणी पिऊन, मग कधीतरी आतल्या आत फुगतो आणि वरचं कवच उडवून देतो. चूक एका अंगणात, बेअब्रू दुसऱ्या अंगणात.

आबांनी शिपायाकडे पाहिलं नाही. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती शेडच्या कडेला उकिडवी बसून माती चाळत होती. तिच्या पापण्यांवरसुद्धा धूळ होती.

"चाळताना लक्ष कुठं असतं?" आबा म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. चाळणीचा हात थांबला नाही, फक्त जरा जोरात हलला. चाकापाशी बसलेल्या त्यांच्या मुलानं हातातला गोळा चाकावर आपटला तो वाजवीपेक्षा जरा मोठ्यानं. आबांची बायको घरातून दुसरा रांजण घेऊन आली. शिपायाच्या गाडीवर तो ठेवताना तिनं मास्तरांना सांगायला सांगितलं, की हा बदलीचा, याचं काही द्यायचं नाही.

कामाची वाटणी अनेक वर्षांची होती. माती खणून आणायची मुलानं. ती वाळवायची, कुटायची, चाळायची सुनेनं. ती यायच्या आधी हे सगळं आबांची बायको करी. भिजलेली माती पायांनी तुडवायची आबांनी. चाकावर मुलगा. आव्याशी सगळे. म्हणजे खड्याला अडवणारी दारं दोन होती. पहिलं चाळण. चाळणीच्या भोकांतून बारीक खडा निसटायचाच, त्याला इलाज नव्हता. दुसरं दार म्हणजे आबांचे पाय. आबांच्या तळव्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. चिखल तुडवताना खडा लागला की दुसरा माणूस वाकतो, चाचपतो, कपाळाला चिखल लावून घेतो. आबा वाकत नसत. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत खडा धरून पाय झटकत. तो कुंपणापलीकडे जाऊन पडे आणि तुडवण्याचा ठेका चुकत नसे. बघायला लोक उभे राहत. तरुणपणी एकदा पैज लावून त्यांनी चिखलात टाकलेला गव्हाचा दाणा शोधून दिला होता. ही गोष्ट दरवर्षी थोडी वाढत गेली होती, पण दाणा खरा होता.

त्यामुळे दुसऱ्या दारावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. आबांच्या तर नाहीच. "पाय खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. मग राहिली चाळण.

त्या महिन्यात त्यांनी सुनेला पुष्कळ सोसायला लावलं. चाळण उन्हासमोर धरून तिचं एकेक भोक करंगळीच्या नखानं चाचपून पाहिलं, तेही माती न्यायला आलेल्या माळ्यासमोर. चाळलेला ढीग भर दुपारी पुन्हा चाळायला लावला. नवी चाळण आणली. तरी दोन रांजण फुटले. मग ते म्हणाले की चाळण बदलून काय होतं, हात तेच आहेत. हे वाक्य त्यांना त्या वेळी चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

शाळेचा रांजण परत आला त्या दिवशी संध्याकाळी मुलानं चाक धुता धुता, बापाकडे पाठ करून, सांगितलं. शहराजवळच्या कौलांच्या कारखान्यात माणसं घेताहेत. दोघांनाही काम आहे, राहायला खोली आहे. या आव्याचे चाळीस रांजण भाजून झाले की ते दोघं जाणार.

"तिचं डोकं?" आबांनी विचारलं.

"माझं," मुलगा म्हणाला. "ती अजून काही बोललीच नाही. तेच मला बघवत नाही."

*

आबांना त्या दिवसांत स्वस्थता अशी नव्हतीच. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जायचं ते आठवत नसे. पाय आपले आपण चुळबुळत. चादरीचा स्पर्शही कधी आग करी, तर कधी ओल्या फरशीवर उभे राहूनही थंडावा कळत नसे. उन्हाळा आहे, असं ते म्हणत. साखरेचं दुखणं त्यांना अकरा वर्षं होतं. गोळी बायकोनं हातावर ठेवली तर घेत, नाही तर नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली होती. यंदाची माती. तुडवायला उतरलं की पायाखाली गादी अंथरल्यासारखं वाटे. टोचत नव्हती, बोचत नव्हती, लोण्यासारखी होती. मुलानं ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी खाण धरली होती, तिचाच हा गुण असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजारच्या गावच्या कुंभाराला त्यांनी अभिमानानं सांगितलंही, की पन्नास वर्षांत अशी मऊ माती पायाखाली आली नाही. त्या कुंभारानं गोळा हातात घेऊन चोळला, बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, असेल बुवा. वडीलधाऱ्या माणसाला आणखी काय म्हणणार.

मग एके दिवशी सरपण सांगून ते घरी आले आणि बायको दारातच म्हणाली, "अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

आबांनी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी, धुळीनं पांढरा झालेला. तुटली असेल, ते म्हणाले. कुठं, तिनं विचारलं. रस्त्यात. रस्त्यात कुठं? ते सांगता येईना. सून पाण्याची कळशी खाली ठेवून गेली आणि पाऊण तासानं ती चप्पल घेऊन आली. पुलाच्या अलीकडे पडली होती. तुटलेली नव्हती. पुलापासून घर म्हणजे चांगला मैलभर रस्ता, आणि सगळी खडी.

बायको त्यांच्याशी भांडली नाही. तिनं फक्त जाहीर केलं, की परवा दवाखान्यात साखरवाल्यांचे पाय तपासणार आहेत आणि आपण दोघं जातोय. आबा म्हणाले की परवा चिखल तयार असेल, तो वाळेल. ती म्हणाली, वाळू दे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चिखलाबद्दल हा शब्द तिनं पूर्वी काढला नव्हता.

*

दवाखान्याच्या ओसरीत दोन बाकं होती, आणि त्या बाकांच्या मधोमध आबांचा रांजण.

तो त्यांनी लांबूनच ओळखला. गेल्या आव्यातला. तिवईवर ठेवलेला, वर लाकडी झाकण, साखळीनं बांधलेला पेला. बुडापासून वीतभर उंचीवर टवका उडालेला. तिथून पाणी पाझरून तिवईचा एक पाय काळा पडला होता आणि खाली कुणीतरी फरशी पुसायचं फडकं ठेवलं होतं. आबा त्याच्याकडे पाठ करून बसले. मग उठून समोरच्या बाकावर बसले, तर तो समोर आला. बायको म्हणाली, एका जागी बसा की.

शेजारी गावातला शिंपी होता. पायानं मशीन चालवणारा, तोंड मशीनपेक्षा जोरात चालणारा. तो आत जाऊन आला होता आणि त्याचा रुबाब निकाल लागलेल्या पोरासारखा होता. त्यानं सांगितलं की आत एक सिस्टर आहे, डोळे मिटायला लावते आणि पायाला दोरा टोचते. लागला तर हो म्हणायचं. दहा जागा असतात. कमी झाल्या की कार्डावर लाल शेरा. आणि लाल शेरा म्हणजे काय? गिरणीच्या पहारेकऱ्याला विचारा. उभ्याचं काम बंद म्हणून लिहून दिलं, आज घरी बसून माश्या मारतोय.

"मग तुमचा?" आबांनी विचारलं.

"दोन्ही पायांनी पहिल्या वर्गात पास." शिंपी त्यांच्या कानाशी आला. "डोळे मिटायला लावते, आबा. कान कुठं मिटायला लावते?"

आबांना वाटलं की ही लबाडी आहे आणि आपल्याला तिची गरज नाही. तरी ते वाक्य त्यांच्याबरोबर आत आलं.

सिस्टर पोरसवदा होती आणि सकाळपासून वाकून तिची कंबर भरून आली असावी. एक हात सारखा पाठीमागं जात होता. तिनं आबांना उंच बाकड्यावर पाय लांब करून बसवलं. बायकोला जवळ उभं राहायला सांगितलं. मग एका दांडीला लावलेला नायलॉनचा दोरा दाखवला, केरसुणीच्या काडीएवढा. आधी तो आबांच्या मनगटावर टेकवला. दोरा वाकला, मनगटाला बारीकसं टोचलं.

"असं लागलं की हो म्हणायचं, आबा. न लागता म्हणायचं नाही. इथं पास-नापास काही नसतं."

शिंप्याला हे सांगायला हवं होतं, आबांच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटले.

अंधारात ते वाट पाहत राहिले. सिस्टरचं स्टूल करकरलं. काही लागलं नाही. पण स्टूल करकरलं म्हणजे ती पुढं वाकली, आणि वाकली म्हणजे टोचलंच असणार. "हो," आबा म्हणाले. पुन्हा करकर. "हो." तिसऱ्यांदा. "हो." आपण लबाडी करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. लागतच असणार, पाय जरा सुस्त झालेत एवढंच. घाईच्या दिवसांत माणूस दमतो तसे पायही दमत असतील. त्यांनी एकदा, उगीच खरं वाटावं म्हणून, करकर ऐकूनही हो म्हटलं नाही.

सिस्टरनं दोरा खाली ठेवला. तिनं दोन दांड्यांचा एक लोखंडी चिमटा काढला, तळहाताच्या कडेवर आपटला आणि गुणगुणणारा तो चिमटा आबांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. थरथर थांबली की सांगा, म्हणाली.

आता हे तर आबांच्या हातचं काम होतं. जन्मभर त्यांनी भाजलेलं प्रत्येक भांडं टिचकी मारून ऐकलं होतं. कोणता आवाज सरळ जातो, कोणता मध्येच पाय घसरल्यासारखा पडतो, हे झोपेतही सांगितलं असतं. चिमट्याचा सूर बारीक होत गेला, धाग्यासारखा झाला, मग त्या धाग्याचंही टोक आलं.

"थांबलं," आबा म्हणाले.

सिस्टरनं चिमटा बाजूला ठेवला. मग हसली. "मला तर आधीच ऐकू यायचं बंद झालं होतं. कान फार चांगले आहेत तुमचे, आबा. पण मी पायांना विचारत होते."

आबांनी डोळे उघडले. त्यांचे कान तापले होते.

"आजी," सिस्टर म्हणाली, "जरा यांच्या कानांवर हात ठेवता का? घट्ट."

चारचौघांत नवऱ्याला हात लावायची सवय नसलेली ती बाई क्षणभर घुटमळली. मग पाठीमागे उभी राहिली आणि तिनं आपले दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर दाबले. खरखरीत, उबदार. आबांनी पुन्हा डोळे मिटले.

आता स्टूल नव्हतं. ओसरीतली कुजबूज नव्हती, रांजणाखालचं ठिबकणं नव्हतं. बायकोच्या तळव्यांतून शंखातून यावी तशी घूं एवढीच होती. आबा वाट पाहू लागले. सिस्टर तयारी करत असेल. दोरा बदलत असेल. त्यांनी पायांकडे सगळं लक्ष नेऊन बसवलं, चिखलात उतरल्यावर पहिल्या पावलाला नेत तसं. अंगठा. चवडा. टाच. दारात जाऊन हाक मारावी आणि घरातून कुणी ओ देऊ नये, तसं झालं. अजून सुरू झालं नाही, ते स्वतःला म्हणाले. एवढा वेळ कसला लावते ही. बाहेर लोक खोळंबलेत, तिकडं चिखल वाळतोय. बायकोचे तळवे हळूहळू थरथरू लागले. तिला हात उचलून धरायचं ओझं झालं असेल, असं त्यांना वाटलं.

अखेर त्यांच्यानं राहवलं नाही. "अहो सिस्टर, सुरू करा की."

कानांत घूं तशीच होती. त्यांनी डोळे उघडले. सिस्टर टेबलाशी बसून कार्डावर लिहीत होती. दोरा खोक्यात ठेवलेला होता.

बायकोनं हात काढले. तिनं सगळं पाहिलं होतं.

"झालं, आबा," सिस्टर म्हणाली. "दोन्ही पाय झाले."

त्यानंतर बराच वेळ आबांना काही सांगितलं गेलं, त्यातलं त्यांना थोडंच ऐकू आलं. साखरेनं नसा सुन्न होतात. गेलेली जाणीव परत येईल असं मी खोटं सांगणार नाही, ती म्हणाली. पण गोळ्या वेळेवर घेतल्या, पाय जपले, तर पाय राहतील. अनवाणी एक पाऊलही नाही. चिखलात तर नाहीच. तळवे रोज बघायचे, दिसत नसतील तर घरातल्या माणसाला दाखवायचे.

"पाय आता काही सांगणार नाहीत तुम्हाला. डोळ्यांनीच विचारायचं त्यांना."

मग तिनं उजवा तळवा दिव्याखाली धरला आणि म्हणाली, हे काय आहे. चवड्याच्या जाड कातडीत भेग होती, चिखलानं लिंपून गेलेली. तिनं ती धुतली. आत काहीतरी रुतलेलं होतं. कडेचं मांस लाल झालं होतं. आठवडाभर तरी असेल, ती म्हणाली, आणि चिमटीनं ते उपसून स्टीलच्या ताटलीत टाकलं. टण् असा आवाज झाला. आबा तिच्या हाताकडे बघत होते, म्हणून काढलं हे त्यांना कळलं.

तिनं जखम बांधली. आबांनी ताटलीतला खडा उचलला. धुतल्यावर तो पांढरा होता. बोटांनी चोळला, बोटांना अजून कळत होतं. मोहरीपेक्षा जरासा मोठा.

तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

ओसरीत शिंपी अजून होताच, कुणाची तरी वाट बघत. काय झालं, त्यानं भुवयांनी विचारलं. आबा रांजणापाशी थांबले. फडकं भिजून चिंब झालं होतं.

"नापास," आबा म्हणाले. "कानांवर हात ठेवायला लावले."

शिंपी हसला नाही. त्यानं आपले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

*

वाटेत बायकोनं दुकानातून कापडी बूट घेतले, काळे, नाडीचे, एक नंबर मोठे. आबांनी आयुष्यात बूट घातले नव्हते. ते घालून चालताना प्रत्येक पाऊल दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. बायको म्हणाली, आज घरात मी सांगते. आबा म्हणाले, नको. मग तुम्ही सांगा. सांगतो.

घरी आल्यावर त्यांना बसवेना. मुलगा माती आणायला गेला होता, सून मागच्या अंगणात कुटत होती. मोगरीचा ठोका येत होता. आबा शेडमध्ये गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. सांगायचं काय ते माहीत होतं. फक्त तोंडाशी आलं की मागं त्यांना दुसरं दिसे. दारात खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारा. पाय गेले असं म्हटलं की तो म्हातारा खरा होणार होता. आणि नाही म्हटलं तर? चाळीस रांजण भाजून झाले की शेडमध्ये त्या म्हाताऱ्याखेरीज कुणी उरणार नव्हतं.

तुडवून झालेल्या मातीचे गोळे कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली रचलेले होते. आबांनी एक पोतं उचललं. गोळ्यांवर तारेनं कापल्याच्या रेघा होत्या. या रेघा त्यांनी आठवड्यापूर्वीही पाहिल्या होत्या, आणि गोळे फोडून ठेवायची ही कुठली पद्धत म्हणून सुनेला बोलले होते. आता त्यांनी एक गोळा हातात घेतला. काप अगदी पातळ होते, बोटभर अंतरावर, सबंध गोळ्यातून गेलेले. कुणीतरी गोळ्याच्या चकत्या केल्या होत्या, एकेक चकती बोटांनी तपासली होती आणि पुन्हा एकावर एक दाबून गोळा केला होता. एका गोळ्याला पाव तास तरी लागला असेल. गोळे साठाच्या वर होते.

पोत्याच्या मागं बिस्किटांचा रिकामा डबा होता. त्यांनी उचलला तेव्हा तो वाजला.

आत खडे होते. बहुतेक पांढरे. ओंजळभर.

एकदा तुडवून पायाखालून गेलेल्या मातीतले. आबांनी खिशातला खडा काढला, त्यात टाकला, आणि डबा ठेवायला वळले तर सून दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. मोगरीचा ठोका थांबलेला त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

ती डब्याकडे बघत होती, मग आबांच्या पायांतल्या बुटांकडे. घाबरली नव्हती. रागातही नव्हती, किंवा असली तरी तो राग आता जुना झाला होता.

"केव्हापासून?" आबांनी विचारलं.

"नवी चाळण आणलीत तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"बोलले असते तर चाळणच पुन्हा हातात दिली असतीत, आबा."

ते खरं होतं. ती पोतं पुन्हा गोळ्यांवर नीट पसरून निघून गेली. डबा तिनं नेला नाही, आणि आबांनाही तो कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी तो त्यांनी चाकाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

*

सकाळी चिखल तयार होता. मुलानं तो अंगणात गोल पसरला, पाणी शिंपडलं आणि रोजच्यासारखा बाजूला झाला, बापानं उतरावं म्हणून. चाकापाशी गेला तेव्हा त्यानं डबा पाहिला, हलवून पाहिला, आणि काही न कळून आईकडे बघितलं. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

आबा बाहेर आले. बुटांच्या नाड्या बायकोनं बांधून दिल्या होत्या. एक जुना रांजण पालथा पडला होता, तो ओढून ते चिखलाच्या कडेला बसले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. ही हाक त्यांनी बरेच दिवस मारली नव्हती. "पाय धू आणि उतर."

ती जागची हलली नाही. मुलगा म्हणाला, आबा, मी तुडवतो. आबा म्हणाले की त्यानं चाकावर हात सांभाळावेत, त्याच्या पायांना चिखल आणि रस्ता यातला फरक कधी कळला नाही. मग ते थांबले. पुढचं बोलायला त्यांना खाली बघावं लागलं.

"खडे चाळणीतून नाही आले. म्हणजे आले, ते येतातच. सोडले माझ्या पायांनी. काल सिस्टरनं दहा ठिकाणी टोचलं, मला एकही कळलं नाही. माती मऊ आहे म्हणून मी सांगत फिरलो. माती होती तशीच आहे." एक दम घेऊन ते म्हणाले, "माळ्यासमोर मी चाळणीची भोकं चाचपली. त्यालाही जाऊन सांगेन."

मुलानं डबा हळूच खाली ठेवला. सुनेनं पदर खोचला, पाय धुतले, आणि चिखलाच्या कडेला येऊन म्हणाली, "सांगितलंत ते बरं झालं. पण डबा मी टाकणार नाही."

"टाकू नकोस."

"आणि कारखान्याचं आमचं ठरायचं आहे. ते या चिखलावर ठरणार नाही."

"नको ठरू दे," आबा म्हणाले. "चाळीस रांजण होईपर्यंत तरी तुडव. दवाखान्यातला एक धर, एक्केचाळीस. तो बदलून द्यायचाय."

ती उतरली. पहिल्यांदा नुसतीच चालल्यासारखी चालली. आबांना ते बघवेना. टाच नको, ते म्हणाले, चवड्यानं. कडेनं आत ये, गोगलगायीच्या पाठीसारखं, एक पाऊल दुसऱ्याच्या अर्ध्यावर. घाई नको. खडा शोधायला जाऊ नकोस, तो आपणहून येतो. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, पण हळूहळू पावलांत ठेका आला. चप्, चप्, चप्. पाय उचलताना चिखल सुटायचा आवाज निराळा, टेकताना निराळा. ऊन वर येत होतं. मुलानं चाक फिरवलं, तरी त्याचं लक्ष अंगणात होतं. बायको उंबऱ्यात बसून औषधाच्या गोळ्यांची पाकिटं लावत होती.

आबांनी डोळे मिटले. कान त्यांचे अजून चांगले होते.

चप्, चप्, चप्. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत, मधल्या भागात कुठंतरी, एक पाऊल अर्ध्यावर थांबलं.

"लागला?" आबांनी विचारलं.

पाऊल पुन्हा एकदा टेकलेलं त्यांनी ऐकलं, हलकं, खात्री करून घेणारं.

"हो," ती म्हणाली.

तिनं बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न केला, तो निसटला. मग वाकली, कोपरापर्यंत हात घातला आणि खडा काढून आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चोळून पाहिला. चुनखडी. त्यांनी मान हलवली, आणि ती पुन्हा ठेक्यात लागली.

मग आबांना सिस्टरचं सांगणं आठवलं आणि त्यांनी डोळे उघडून पायांकडे पाहिलं. बराच वेळ त्यांची काहीच खबर नव्हती. काळ्या बुटांतले पाय कोरड्या जमिनीवर, एक उचलत, एक टेकत, तिच्याबरोबर तुडवत होते.